नवीन गटशिक्षणाधिकारी, ग्रामीण तालुका, सुरुवात कुठून करू? – माझं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमपीएससीतून महाराष्ट्र शिक्षण सेवा गट-ब ला निवड झाली, पहिलीच पोस्टिंग डोंगराळ ग्रामीण तालुक्यात गटशिक्षणाधिकारी (तालुक्यातल्या शाळांचा प्रमुख अधिकारी) म्हणून मिळाली. अमेरिकेतल्या ग्रामीण स्कूल डिस्ट्रिक्टच्या (तिथल्या सरकारी शाळांचा स्थानिक कारभार) सुपरिंटेंडेंट, म्हणजे प्रमुख अधिकारी, लोकांच्या नेतृत्वाबद्दल बरंच वाचलंय, त्यातलं इथे काय चालेल, पहिल्या वर्षात नेमकं काय करावं आणि राजकारण कसं सांभाळावं.

सर, वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे असाल पण आपल्या खात्यात सगळेच सर आणि मॅडम, म्हणून सरच म्हणते. मी शिक्षिका म्हणून लागले ती दोन खोल्यांच्या वाडीवरच्या शाळेत, मग विस्तार अधिकारी, आणि शेवटची सहा वर्षं गटशिक्षणाधिकारी. त्यातली निम्मी प्रभारीच, कारण आपल्याकडे पद भरायला वेळ लागतो, चार्ज द्यायला लागत नाही. मराठवाड्यातला ऊसतोडीचा डोंगरपट्टा, १८० च्या आसपास शाळा, सहाशेच्या आतबाहेर शिक्षक, शाळांचे चौदा गट, म्हणजे केंद्रं. आता रिटायर आहे, वेळच वेळ आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी ते अमेरिकेचं. मुलगी तिकडे असते, तिच्याकडे सहा महिने राहिले तेव्हा तिच्या नवऱ्याच्या ओळखीतून एका छोट्या गावाच्या सुपरिंटेंडेंट बाईंशी तासभर गप्पा झाल्या. अख्ख्या डिस्ट्रिक्टमध्ये मिळून तीन शाळा, त्यातल्या एका शाळेच्या प्रिन्सिपल त्या स्वतःच, आणि ड्रायव्हर आला नाही तर मुलांची बसपण त्याच चालवतात म्हणाल्या. तिकडे हे असं बऱ्याच लहान डिस्ट्रिक्टमध्ये चालतं म्हणे. दुखणं ऐकलं तर आपलंच वाटतं, माणसं कमी, अंतरं जास्त, चांगला शिक्षक मिळाला की दोन वर्षांत मोठ्या गावाकडे पळतो. पण एक फरक आहे आणि तो मुळातलाच आहे. त्यांना गावाने निवडून दिलेलं स्कूल बोर्ड नेमतं, आणि शिक्षक कोण घ्यायचा, पैसा कुठे टाकायचा हे त्या आणि बोर्ड मिळून तिथल्या तिथे ठरवतात. आता आपलं बघा. शिक्षक येतो सरकारी भरतीच्या पवित्र पोर्टलमधून, नेमणूक जिल्हा परिषदेची, बदल्या २०१७ पासून ऑनलाइन, पुस्तकं बालभारतीची, प्रशिक्षण वरून ठरलेलं, खिचडीचा तांदूळ केंद्र सरकारचा, आणि निवडणूक लागली की तुमचे शिक्षक तहसीलदारांचे. तुमच्याकडे उरलं काय तर एक सही, एक टेबल आणि नशीब असेल तर एक गाडी. (आणि हो, सुपरिंटेंडेंटचं मराठी अधीक्षक, पण आपल्याकडे अधीक्षक म्हटलं की लोकांना पोषण आहाराचे अधीक्षक किंवा आश्रमशाळेतले अधीक्षक आठवतात, त्यामुळे तो शब्द वापरून भाषण करू नका, गोंधळ होतो.)

म्हणून त्या लेखांमधलं व्हिजन, मिशन वगैरे सध्या बाजूला ठेवा. मी सांगते ते ऐकायला फार साधं वाटेल. पहिले तीन महिने शाळांमध्ये कमी जा, स्वतःच्या ऑफिसात जास्त बसा. कुणी सांगणार नाही हे, सगळे सांगतात फील्डवर जा, अचानक भेटी द्या, पेपरात फोटो येतो. मीपण तेच केलं होतं आणि तोंडावर आपटले, ते पुढे सांगते.

ऑफिसात का बसायचं? एक हिशोब करा, मी कागदावर केला होता. सहाशे शिक्षक. प्रत्येकाचं वर्षातून किमान चार वेळा तरी पंचायत समितीत काम निघतं. कुणाचं वैद्यकीय बिल अडकलेलं, कुणाची जीपीएफची (भविष्य निधीची) उचल, कुणाची वरिष्ठ वेतनश्रेणी, कुणाची प्रसूती रजा सेवापुस्तकात चढलीच नाही, कुणाचा एनपीएसचा (नव्या पेन्शन योजनेचा) हिशोब लागत नाही. चार खेटे म्हणजे वर्षाला चोवीसशे दिवस. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा धरली आहे. भागाकार केला तर बारा येतात. म्हणजे बारा शिक्षक वर्षभर, एकही दिवस न चुकता, फक्त माझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलेले होते असं समजा, आणि मी वर पत्र लिहीत होते की तालुक्यात शिक्षकांच्या जागा रिक्त आहेत, त्वरित भरा!

त्यात द्विशिक्षकी शाळेतला एक जण आला की दुसऱ्याच्या गळ्यात पाच वर्ग. अशा दिवशी शिकवणं कसलं, पोरं सांभाळणंच होतं.

मग मी सेवापुस्तकांचं कपाट उघडलं. म्हणजे उघडायला सांगितलं. तर किल्ली ज्या वरिष्ठ सहायकाकडे होती तो रजेवर. दोन दिवसांनी उघडलं, आतून वाळवीची माती सांडली, आणि वरचंच पुस्तक एका शिक्षिकेचं निघालं, शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. चार वर्षं बाई नोकरी करतेय आणि कागदावर ती कुठेच नाही. ती पुढे रिटायर होणार तेव्हा तिची पेन्शन केस कुणी करायची, कुठून करायची? मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, या बाईला मी परवा शाळेत जाऊन विचारलं होतं की तुमच्या वर्गातली मुलं मागे का. तिने मला काहीच उत्तर दिलं नव्हतं, नुसतं बघत होती. आता कळलं का बघत होती.

कामाची पद्धत अशी केली की प्रत्येक केंद्रशाळेवर एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सेवापुस्तकांचा कॅम्प. आमचे क्लार्क पुस्तकं गोणीत घालून घेऊन जायचे, शिक्षक आपापल्या ऑर्डरच्या झेरॉक्स घेऊन यायचे, तिथेच नोंद, तिथेच माझी सही. चौदा केंद्रं, सात महिने लागले. क्लार्क लोक सुरुवातीला फार चिडले होते, आणि त्यांचंही चुकत नव्हतं, पाच जागांपैकी दोनच भरलेल्या, त्यात शनिवार जातोय. त्यांना बदली सुट्टी दिली, जेवण केंद्रशाळेवर, आणि आकडेवारीचे रिपोर्ट बनवायचं काम त्यांच्या डोक्यावरून काढून गट साधन केंद्राच्या ऑपरेटरकडे दिलं. हे शेवटचं केलं नसतं तर कॅम्प दुसऱ्याच शनिवारी बंद पडला असता.

दुसरी गोष्ट भिंतीवरची यादी. वैद्यकीय बिलाला आमच्याकडे भाव ठरलेला होता, काय ते तुम्हाला कळलं असेलच. मी कुणाला रंगेहाथ पकडलं नाही, तो माझा पिंडही नाही. फक्त दर सोमवारी ऑफिसच्या बाहेर एक कागद लावायला सुरुवात केली: प्रकरण कुणाचं, आवक कधी झालं, आज कोणत्या टेबलावर आहे, किती दिवस झाले. बस्स, शेरा नाही, नाव ठेवणं नाही. महिनाभरात लोक येताजाता तो कागद वाचायला लागले, चहावाल्यापासून सभापतींच्या पाहुण्यांपर्यंत, आणि ज्या टेबलासमोर सारखा आकडा वाढताना दिसायचा त्या टेबलाची चर्चा आपोआप व्हायला लागली. भाव एकदम शून्य झाला असं मी म्हणणार नाही, पण उतरला. आणि शिक्षणसेवकांचे प्रस्ताव वेळेवर जायला लागले. तरणी पोरं तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढतात (आता १६ हजार झालंय, माझ्या वेळी ६ होतं), तीन वर्षं भरली की नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव त्याच महिन्यात गेला पाहिजे, तो आपल्याकडून चार महिने लेट गेला तर ते पोरगं आपल्याला आयुष्यभर विसरत नाही. वेळेवर गेला तरी विसरत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता माझी चूक. जॉइन झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी अचानक भेटींचा धडाका लावला होता. एका वाडीवर अकराला दहा कमी असताना पोचले, शाळेला कुलूप, पोरं बाहेर गोट्या खेळतायत. फोटो काढला, ऑफिसला येऊन दोघांही शिक्षकांना कारणे दाखवा नोटीस. फार भारी वाटलं त्या दिवशी. चौथ्या दिवशी खुलासा आला, एका पानाचा, सोबत दोन जोडपत्रं. पहिलं, एका गुरुजींचा रजेचा अर्ज, त्यावर माझी मंजुरीची सही. दुसरं, त्याच दिवशी साडेदहाला तालुक्याच्या प्रशिक्षणाला हजर राहा असा दुसऱ्या गुरुजींना आदेश, त्यावरही माझीच सही. खुलाशात एकही वावगा शब्द नव्हता. खाली फक्त लिहिलं होतं, "माहितीस्तव सविनय सादर." संघटनेचे लोक आले, त्यांनीही आरडाओरडा केला नाही, हसत होते नुसते, आणि ते जास्त लागलं. नोटीस मागे घेतली, पण ती लेखी मागे घेतली, आणि पुढच्या शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या नेहमीच्या बैठकीत) सगळ्यांसमोर सांगितलं की चूक ऑफिसची होती. काही सहकारी म्हणाले मॅडम असं कबूल केलं की वचक जातो. गेला असेल, पण मला त्याची गरज नंतर फार पडली नाही.

त्यानंतर एक रजिस्टर केलं, कोणत्या शाळेवर आज किती शिक्षक प्रत्यक्ष आहेत याचं. रजा, प्रशिक्षण, बीएलओ (मतदार यादीचं काम), सगळं केंद्रप्रमुखाने आदल्या संध्याकाळी टाकायचं. शून्य शिक्षक होतील अशी कोणतीही सही मी करायची नाही. साधी गोष्ट आहे पण त्याआधी आमच्या तालुक्यात हे कुणाच्याच डोळ्यासमोर एकत्र नव्हतं.

माहिती मागवण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमची खरी परीक्षा तिथे आहे. अकरा दहाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "अत्यंत तातडीचे, आज दुपारी १ पर्यंत शौचालयांची संख्या खालील नमुन्यात". हीच संख्या यू-डायसला (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत) आहे, गेल्या महिन्यात दुसऱ्या नमुन्यात दिलीय, त्याच्या आधी तिसऱ्या. तुम्ही तो मेसेज पुढे ढकलला की केंद्रप्रमुख ढकलतो, मुख्याध्यापक ढकलतो, आणि शेवटी टेकडीवरची बाई फळ्यावरचा खडू खाली ठेवून रेंज शोधत शाळेच्या मागच्या बांधावर जाते. एका फॉरवर्डने तुम्ही १८० वर्ग बंद पाडले. मी ठरवलं की शाळेच्या वेळात साडेचारपर्यंत माझ्या ऑफिसकडून शाळेच्या ग्रुपवर एकही माहिती मागितली जाणार नाही, आणि जे यू-डायसला किंवा आधीच्या नमुन्यात आहे ते आम्ही ऑफिसातूनच भरून देणार. ऑपरेटरने एक मोठी एक्सेल केली, प्रत्येक शाळेची एक ओळ, खोल्या, शौचालयं, किचन शेड, वीज, पट, सगळं. वरून मागणी आली की त्यातून उचलून द्यायचं. दहातल्या सहा-सात मागण्या त्यातच भागायच्या. उरलेल्यांसाठी मी जिल्ह्याला फोन करून वेळ मागायचे आणि कधी कधी बोलणी खायचे. खायची. गटशिक्षणाधिकाऱ्याला पगार कशाचा असतो मग. वरून येणारा रेटा खाली जसाच्या तसा सोडायचा असेल तर मध्ये माणूस कशाला बसवलाय, ग्रुप आहेच की.

हे सगळं सुरळीत लागल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीनंतर, मी शाळांकडे वळले. आणि तिथे जाऊन काय करायचं तर फक्त मुलांजवळ बसायचं आणि वाचून घ्यायचं. हजेरी, टाचण, रंगरंगोटी बघायला विस्तार अधिकारी आहेत.

एक प्रसंग सांगते. तिसरीचा वर्ग, निकाल पत्रकावर सगळे छान. एक चुणचुणीत पोरगा उठला, पुस्तक उघडून खडाखडा धडा वाचला, टाळ्या झाल्या. मी त्याला जवळ घेतलं, सतरंजीवर बसले, तोच धडा पुन्हा वाच म्हटलं. तो वाचत होता आणि बोट दुसऱ्याच ओळीवर फिरत होतं. मग मी चित्रावर हात ठेवला आणि हळूच पान उलटलं, तर पोरगा मागच्याच पानावरचं म्हणत राहिला, न अडखळता. पाठ होतं सगळं. 'पाऊस' हा शब्द सुटा लिहून दिला तर 'प' ओळखला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. बाई मागे उभ्या होत्या, त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला.

इथे काय करायचं हे महत्त्वाचं. लॉगबुकात (भेटीच्या शेऱ्यांच्या वहीत) लिहिलं असतं तर बाई पुढच्या भेटीपर्यंत आणखी दहा धडे पाठ करून घेणार. मी लॉगबुकात फक्त "वर्गातील मुलांसोबत वाचन केले" एवढं लिहिलं, आणि बाईंना म्हटलं की चला आपण दोघी मिळून सगळ्या वर्गाचं बघू, अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, कोण कुठे आहे. असरच्या पाहणीत (ग्रामीण मुलांना कितपत वाचता येतं ते बघणारी देशभरची पाहणी) वापरतात तसलाच प्रकार, २००५ पासून चालू आहे, त्यात काही रॉकेट सायन्स नाही, एका मुलाला पाच मिनिटं लागतात. एकवीस मुलांपैकी परिच्छेद वाचणारी सहा निघाली. बाई रडल्या. म्हणाल्या मॅडम मला माहीत होतं, पण पत्रकात मागे दाखवलं की प्रशिक्षणाला बोलावतात आणि खुलासा मागतात, म्हणून सगळेच पुढे दाखवतात. आता यात बाईचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती ते तुम्हीच ठरवा. मी शिक्षण परिषदेत एकच गोष्ट जाहीर केली, जो खरे आकडे देईल त्याला कसलीही नोटीस नाही, आणि सगळी मुलं प्रगत दाखवणाऱ्या शाळेत मी स्वतः येऊन वाचून घेणार. पुढच्या महिन्यात तालुक्याचे आकडे धाडकन खाली आले. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये माझा तालुका शेवटून दुसरा! ती मीटिंग कशी गेली ते विचारू नका. पण त्याच्या आधी आमच्याकडे जे होतं ते आकडे नव्हतेच.

२०२१ ला निपुण भारत आलं, तिसरीपर्यंत वाचता यावं, गणित यावं, लक्ष्य चांगलंच आहे. पण कोणतंही अभियान तुमच्या तालुक्यात खऱ्या आकड्यांवर उभं राहतंय की पत्रकांवर, हे फक्त तुम्ही आणि तुमचे केंद्रप्रमुख ठरवता.

केंद्रप्रमुख. हे पद १९९४ ला तयार झालं, राज्यात ४,८६० जागा, आणि कल्पना अशी की दहाबारा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक, जो फिरेल, वर्गात बसेल, मदत करेल. प्रत्यक्षात आपण त्याचा पोस्टमन केला. तोही बऱ्याच ठिकाणी नाहीच, एकाकडे दोन-दोन केंद्रांचा चार्ज. मी माझ्या केंद्रप्रमुखांना (जागा चौदा, भरलेल्या नऊ) सांगितलं की महिन्याच्या अहवालाची सगळी पानं नकोत, मला तीन मुलांची नावं सांगा, कोणत्या शाळेतली, गेल्या महिन्यात काय येत नव्हतं आणि आता काय येतं. पहिल्या मीटिंगला चौघांना एकही नाव सांगता आलं नाही. पाचव्या मीटिंगला एक जण तीन नावं घेऊन आला आणि चौथं सांगू का म्हणाला. दोघं मात्र शेवटपर्यंत बदलले नाहीत, त्यांना मी प्रामाणिकपणे सोडून दिलं, कागदाचं काम दिलं. सगळ्यांना बदलायच्या नादात जे बदलू शकतात त्यांच्यासाठीचा वेळ जातो.

तुम्ही कुमठे बीटचं नाव वाचलं असेलच. सातारा जिल्ह्यात प्रतिभा भराडे मॅडम विस्तार अधिकारी होत्या, त्यांच्या बीटातल्या (विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला टापू) शाळांमधलं ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचं, काम बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला तेव्हा तर झुंबड. आमच्याकडूनही गाड्या भरून गेले. परत आले आणि काय केलं? फरशा रंगवल्या. वर्गाच्या फरशीवर अंक, अक्षरं, सापशिडी, तळफळे, लोकवर्गणीतून, फोटो ग्रुपवर. वर्षभरात रंग उडाला. तिथे बघायची गोष्ट फरशी नव्हतीच. एक विस्तार अधिकारी, म्हणजे आपल्या साखळीतला मधला माणूस, आपल्या शिक्षकांसोबत वर्षानुवर्षं बसून शिकवण्यावर बोलतो, हे बघायला हवं होतं. पण ते फोटोत येत नाही. तुमच्याही तालुक्यात कुणीतरी म्हणेल की मॅडम/सर आपण वाबळेवाडी करू, जालिंदरनगर करू (पुणे जिल्ह्यातल्या नावाजलेल्या झेडपी शाळा). जरूर बघायला पाठवा, त्या शाळा खरंच बघण्यासारख्या आहेत, फक्त परत आल्यावर "तिथे काय दिसलं" असं विचारू नका, "तिथे शिक्षक सकाळपासून काय करत होते" असं विचारा.

आता ऊसतोड. तुमचा तालुका डोंगराळ आहे म्हणता, म्हणजे थोडंफार स्थलांतर असणारच, ऊस नाही तर वीटभट्टी. आमच्याकडे दसरा झाला की मुकादमाच्या उचली (मजुरीचे आगाऊ पैसे) वाटून झालेल्या असतात, आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रक लागतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. जोडी गेली की पोरं मागे ठेवायची कुणाकडे? मोठी मुलगी तर हमखास सोबत नेतात, लहान्याला सांभाळायला. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा पट बावीस, हजर नऊ. यावर उपाय कागदावर आहेत, हंगामी वसतिगृह आहे (गावात मागे राहिलेल्या पोरांच्या जेवणाखाण्याची सोय), शिक्षण हमी कार्ड आहे (पोरगं जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून). अडचण तारखेची. वसतिगृहाचा प्रस्ताव सुट्टीनंतर मागवायचे, मंजुरी यायची तोवर टोळ्या कारखान्यावर पोचून महिना झालेला. आम्ही काय केलं तर गणपतीतच गावोगाव याद्या केल्या. शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन बायका (समितीत निम्म्या बायका असाव्याच लागतात, पण त्यांना कामाला लावणारे कमी) घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायच्या, पोरगं मागे ठेवलं तर रात्री कुणाकडे झोपेल? खाण्याचं आम्ही बघू. आजी असेल तर आजी, चुलती असेल तर चुलती. झोपायची सोय नक्की झाली की बाप लेकराला ठेवायला तयार होतो, हे मला वीस वर्षं नोकरी करूनही कळलं नव्हतं, ते मला त्या समितीतल्या एका बाईने सांगितलं. ती स्वतः अकरा हंगाम तोडीला गेलेली. मंजुरी यायच्या आधीचे तीनचार आठवडे दुकानदाराकडून किराणा उधारीवर, मुख्याध्यापकाच्या शब्दावर. ते नियमात बसत होतं का? नव्हतं. बिल निघेपर्यंत मला झोप नव्हती. पण त्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या मुलीसुद्धा बऱ्यापैकी मागे राहिल्या.

राजकारणाचं विचारलंय तुम्ही. फार नाही सांगत. सभापती असोत नाहीतर प्रशासक (२०२२ नंतर बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासकच होते), त्यांना तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात, एक तर कुणाची तरी सोय, नाहीतर कार्यक्रमाला गर्दी. बदल्या ऑनलाइन झाल्यापासून पहिली मागणी बरीच कमी झालीये, आता ती प्रतिनियुक्तीच्या वाटेने येते, "तात्पुरतं इथे लावा". एकदा लावलंत की तो शिक्षक रिटायर होईपर्यंत तात्पुरताच राहतो आणि टेकडीवरची जागा कागदावर भरलेली दिसते. तिथे नाही म्हणा, हसून म्हणा, पण म्हणा. बाकी सरपंचांशी मात्र गोडीने राहा. शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं, तीसच्या आत पट असेल तर वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार. त्यात खडू, रंग, दुरुस्ती आणि वीजबिल. वीजबिलाने निम्मं खाल्लं की लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही काळा पडून भिंतीवर. ग्रामपंचायतीने वीजबिल उचललं की शाळेचा श्वास मोकळा होतो, आणि ते सरपंच करतो, आदेश करत नाही. मी सरपंचांना पत्र कधी पाठवलं नाही, परिपाठाला बोलवायचे. पोरांनी समोर उभं राहून बातम्या वाचल्या की माणूस मऊ होतो.

कमी पटाच्या शाळांबद्दल सावध राहा, वीसच्या आतल्या शाळा हलवून समूह शाळा करायचा विषय अधूनमधून येतच राहणार, पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं दिली जातील. अमेरिकेने हे फार मोठ्या प्रमाणावर केलंय, १९३९-४० ला त्यांच्याकडे एक लाख सतरा हजारांवर स्कूल डिस्ट्रिक्ट होते, आता तेरा हजारांच्या आसपास राहिलेत. पण त्यांच्याकडे ती पिवळी बस दारात येते. आपल्याकडे ओढ्याला पाणी आलं की पहिलीतलं पोरगं पलीकडे जात नाही, आणि सातवीतली मुलगी तर त्यानंतर कधीच जात नाही. प्रस्ताव मागितला तर नाही म्हणण्याची तुमची पायरी नाही, पण प्रस्तावाला रस्त्याचा फोटो जोडता येतो, तोही ऑगस्टमधला. मी तीन शाळांना जोडला होता. दोन वाचल्या.

बाकी प्रशिक्षण, शिष्यवृत्ती परीक्षा, क्रीडा स्पर्धा वगैरे विस्तार अधिकाऱ्यांवर सोपवा, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं जमतं, मध्ये पडू नका. तुमचा परिविक्षा कालावधी (प्रोबेशन) आहे, त्यामुळे नियमाबाहेर जे जे मी वर सांगितलंय ते माझ्या नावावर खपवू नका म्हणजे झालं.

उद्या सकाळी जाल तेव्हा मीटिंग वगैरे लावायच्या आधी सेवापुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेवढं विचारा. आणि जो माणूस सांगेल "सर ते साहेब रजेवर आहेत", त्याला चहा पाजा, ऑफिसातली निम्मी माहिती त्याच्याकडेच असते.